डाव्या कालव्याचं पाणी उजव्याच्या टेलला: हृदयाच्या रोहिण्या नव्याने वाढवता येतील?

मामांच्या अँजिओग्राफीची सीडी अजून माझ्याकडे आहे. ती चालवायला मशीन कुठे उरलंय हा वेगळा प्रश्न, पण त्या दिवशी डॉक्टरांच्या केबिनमध्ये पाहिलेलं चित्र डोळ्यांसमोरून जात नाही. मनगटातून घातलेल्या बारीक नळीतून रंग सोडला की हृदयाच्या रक्तवाहिन्या पडद्यावर काळ्या दिसतात. आधी उजवीकडे सोडलेला रंग जेमतेम दोन बोटं पुढे गेला आणि खुंटला, फांदी छाटल्यासारखा. "ही उजवी शंभर टक्के बंद," डॉक्टर म्हणाले. उभी असलेली मामी खुर्चीत बसली.

मग डावीकडचा रंग दाखवला. डावं झाड पानापर्यंत भरलं आणि दोन-तीन ठोक्यांनंतर पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात काही नागमोडी, केसाएवढ्या रेषा उमटल्या. त्यांच्यातून रंग झिरपत गेला आणि बंद पडलेल्या उजव्या वाहिनीचं शेपूट उलट्या बाजूने भरायला लागलं.

"हे कोलॅटरल, म्हणजे एका रोहिणीतून दुसरीत जाणारे बारीक जोड. यांच्या जिवावर तुम्ही आज चालत आलात, मामा."

मामांची शेती नेवासा तालुक्यात, मुळा धरणाच्या उजव्या कालव्यावर, तीही पार टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाला. ते थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिले. "म्हंजे डाव्या कालव्याचं पाणी उजव्याच्या टेलला आलंय," ते म्हणाले. "आमच्या पाटबंधारे खात्याला हे कधी जमलं नाही."

मामांच्या हृदयाने जे आपोआप केलं, ते मुद्दाम, औषधाने घडवता येईल का, यावर सध्या जोरात संशोधन चालू आहे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या क्रिस्टी रेड-हॉर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं काम २०२५मध्ये 'सेल' या नियतकालिकात आलं, तेव्हापासून 'नैसर्गिक बायपास' हा शब्द बातम्यांत फिरतोय. त्यात खरं किती आणि घाई किती, ते पाहू.

पंपालाही पाणी लागतं

हृदय म्हणजे साधारण तीनशे ग्रॅमचा स्नायू. दिवसाला सुमारे एक लाख ठोके. आत एवढं रक्त खेळत असतं, तरी हा स्नायू त्या रक्तावर जगत नाही. त्याची जाड भिंत आतल्या रक्ताला दाद देत नाही. हृदयातून निघणाऱ्या मुख्य वाहिनीच्या, म्हणजे महारोहिणीच्या, अगदी मुळाशी दोन फाटे फुटतात, एक उजवा आणि एक डावा. हे फाटे हृदयाच्या पृष्ठभागावरून फिरून स्नायूत रक्त पोचवतात. यांनाच कॉरोनरी रोहिण्या म्हणतात. रोहिणी म्हणजे हृदयाकडून रक्त नेणारी वाहिनी, आणि परत आणणारी ती नीला.

धरण, उजवा कालवा, डावा कालवा, वितरिका आणि शेवटी वाफ्यात पाणी सोडणाऱ्या चाऱ्या, ही मामांची मांडणी इथे चपखल बसते. कॉरोनरी रोहिण्या मुळाशी फक्त तीन-चार मिलिमीटर रुंद असतात. शेवटच्या चाऱ्या म्हणजे केशवाहिन्या. त्या इतक्या अरुंद की तांबड्या पेशींना एकामागे एक रांगेने जावं लागतं. ऑक्सिजनची खरी देवाणघेवाण इथेच होते.

अडचण अशी की हृदयाचा स्नायू आरामात असतानाही आलेल्या रक्तातला ७० टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन काढून घेतो. पायाच्या स्नायूला तेवढ्याच रक्तातून आणखी ऑक्सिजन काढायला वाव असतो, हृदयाला जवळजवळ नाही. जास्त काम पडलं की जास्त रक्तच लागतं. कालवा अरुंद झाला असेल तर जिना चढताना छातीत दाब येतो, आणि अचानक बंद पडला तर पुढचा स्नायू मरायला लागतो. तो हार्ट अटॅक.

स्टेंट आणि बायपास आहेत की

आहेत, आणि उत्तम आहेत. १९६७मध्ये क्लीव्हलंडला रेने फावालोरो यांनी पायाची नीला वापरून बायपास रुळवला. १९७७मध्ये झुरिकला आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी फुग्याने रोहिणी उघडली. त्यातूनच पुढे स्टेंट, म्हणजे रोहिणी उघडी ठेवणाऱ्या जाळीदार नळ्या, आले. आपल्याकडे फेब्रुवारी २०१७मध्ये सरकारने औषधी स्टेंटची किंमत सुमारे तीस हजारांवर बांधून दिली, तेव्हा कित्येक घरांना हायसं वाटलं.

पण स्टेंट तेवढ्याच दोन-तीन सेंटिमीटरची दुरुस्ती करतो. बायपाससाठी पलीकडे चांगली जागा लागते, जिथे नवी नळी शिवता येईल. मधुमेही माणसाच्या रोहिण्या बरेचदा शेवटपर्यंत खडबडीत झालेल्या असतात. कालव्याला एकच भगदाड असेल तर बुजवता येतं, पण पूर्ण अस्तरच गेलं असेल तर काय करणार? पायाची नीला वापरून केलेल्या बायपासच्या नळ्यांपैकी जवळपास निम्म्या दहाएक वर्षांत निकामी किंवा खराब होतात. छातीतली रोहिणी वापरली तर ती कितीतरी जास्त टिकते, पण ती असते मोजकीच. "आता करण्यासारखं काही नाही, गोळ्या चालू ठेवा," असं ऐकून घरी आलेली माणसं आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत असतील. नवं संशोधन सगळ्यात आधी त्यांच्यासाठी आहे.

हे आधी कुणाला सुचलं नव्हतं?

सुचलं होतं, नव्वद वर्षांपूर्वी. हा इतिहास मला मुख्य विषयापेक्षा मजेशीर वाटतो, म्हणून थोडं थांबतो.

१९३५मध्ये क्लीव्हलंडच्या क्लॉड बेक यांनी हृदयाचा पृष्ठभाग खरवडून त्यावर छातीचा स्नायू शिवला. जखम भरताना नव्या वाहिन्या फुटतील आणि हृदयात शिरतील, हा हिशोब. पुढे दाह वाढवायला त्यांनी अ‍ॅस्बेस्टॉसची पूडही वापरली. आज वाचताना अंगावर काटा येतो. १९५०मध्ये माँट्रियलच्या आर्थर व्हाइनबर्ग यांनी छातीतली रोहिणी कापून तिचं टोक सरळ हृदयाच्या स्नायूत बोगदा करून घुसवलं, कुठल्याही वाहिनीला न जोडता. लोक हसले. १९६२मध्ये अँजिओग्राफी करून पाहिलं, तर काही रुग्णांत ती रोहिणी खरोखर चालू होती आणि हृदयाच्या वाहिन्यांशी जोडली गेली होती!

तिसरी गोष्ट सगळ्यात शिकवून जाणारी. १९३९मध्ये इटलीत एक सोपी शस्त्रक्रिया निघाली: छातीतली रोहिणी फक्त बांधून टाकायची, म्हणजे अडलेलं रक्त हृदयाकडे वळेल. पन्नासच्या दशकात अमेरिकेत ती गाजली, कारण रुग्ण सांगत होते की दुखणं थांबलं. मग सिअ‍ॅटलच्या डॉक्टरांनी १९५९मध्ये एक धीट प्रयोग केला. १७ रुग्णांपैकी काहींची रोहिणी बांधली, काहींच्या छातीवर नुसता छेद देऊन टाके घातले. कुणाचं काय केलं ते रुग्णाला सांगितलं नाही. दोन्ही गटांना सारखंच बरं वाटलं. शस्त्रक्रिया तिथेच संपली.

छातीतलं दुखणं हे मोजायला फार फसवं माप आहे, हे इथे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

मग औषधाने वाहिन्या उगवायचं युग

१९७१मध्ये जुडा फोकमन यांनी मांडलं की कॅन्सरची गाठ वाढायला स्वतःसाठी रक्तवाहिन्या उगवून घेते. म्हणजे उगवा असा निरोप देणारं काहीतरी रसायन असणार. १९८९मध्ये असं एक प्रथिन नेमकं हाती लागलं. नाव व्हीईजीएफ. तुमच्या घरात कुणी मधुमेहामुळे डोळ्यात इंजेक्शन घेत असेल, तर ते याच प्रथिनाला अडवण्यासाठी असतं. डोळ्यात नको त्या वाहिन्या फुटतात, त्या थांबवायच्या असतात.

मग हृदयात नेमकं उलट का करू नये? नव्वदच्या दशकात हीच कल्पना जगभर पसरली. सुरुवातीच्या छोट्या प्रयोगांत रुग्ण म्हणाले, दुखणं कमी झालं. २००३मध्ये १७८ रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल आला. साठ दिवसांनी चालत्या पट्ट्यावरची ताकद खरं व्हीईजीएफ मिळालेल्यांत सरासरी ३० सेकंदांनी वाढली होती. खोटं औषध मिळालेल्यांत ४८ सेकंदांनी.

सिअ‍ॅटलचे ते टाके आठवले?

चाऱ्या खणल्या, कालवा राहिलाच

चूक कुठे झाली, यावर अनेक मतं आहेत: औषध कमी पडलं, नीट पोचलं नाही, रुग्ण फार आजारी होते. मला पटणारं कारण मात्र मामा एका वाक्यात सांगतील. टेलला नव्या चाऱ्या खणल्या म्हणून पाणी येत नाही. पाणी वरून सुटावं लागतं.

व्हीईजीएफ प्रामुख्याने केशवाहिन्यांना फुटवे आणतं. हे फुटवे नाजूक आणि गळके असतात, त्यांना स्नायूचं अस्तर नसतं. उंदरांच्या हृदयात हे प्रथिन सतत तयार होत राहील अशी व्यवस्था केली, तेव्हा रक्तवाहिन्यांच्या गाठी झाल्या होत्या. आपल्याला हवा असतो एक जाड, मजबूत जोडकालवा, डाव्याचं पाणी उजव्याच्या पोटात नेणारा. म्हणजे कोलॅटरल रोहिणी. असे जोड काही जणांत जन्मतःच बारीक स्वरूपात असतात. मुख्य वाहिनी तुंबली की जोडातून रक्ताचा ओघ वाढतो आणि त्या घर्षणाने जोड रुंद होतो. ओढ्याचं पाणी एका वाटेने वळलं की ती वाट जशी खचत, रुंदावत जाते, तसंच. जर्मनीतले वोल्फगांग शापर यांनी या प्रक्रियेवर आयुष्य घालवलं.

पण मुळात जोडच नसेल तर रुंद काय होणार? धडधाकट माणसांत पाचातल्या एखाद्याकडेच असे कामापुरते जोड असतात. मामा त्या नशिबवानांतले. गिनीपिगकडे तर इतके असतात की एक कॉरोनरी बांधली तरी स्नायू मरत नाही. डुकराकडे जवळजवळ काहीच नाही. म्हणजे हे निसर्गाला जमतं. फक्त सगळ्यांना वाटताना हात आखडता घेतलाय.

उंदराच्या पिल्लाने दाखवलेली युक्ती

इथून रेड-हॉर्स यांचं काम सुरू होतं. त्यांनी रुग्णाऐवजी गर्भाकडे पाहिलं. हृदय पहिल्यांदा घडतं तेव्हा कॉरोनरी रोहिणी बनते कशी? २०१०मध्ये त्यांनी उंदराच्या गर्भात दाखवलं की या रोहिण्यांच्या पेशी मूळच्या नीलेतल्या असतात. नीलेतून बाहेर पडून, आपली ओळख पुसून, त्या रोहिणीच्या पेशी होतात. रक्तवाहिनीची जात जन्माने कायमची ठरत नाही, असं म्हणा हवं तर.

२०१९मध्ये पुढचा तुकडा आला. दोन-तीन दिवसांच्या उंदराच्या पिल्लाला हृदयाची इजा झाली तर ते बरंचसं भरून काढू शकतं. आठवड्याभरात ही ताकद जाते. पिल्लाची एक कॉरोनरी बांधून पाहिलं, तेव्हा असं दिसलं: चालू रोहिणीच्या भिंतीतल्या पेशी एकेकट्या सुटल्या, केशवाहिन्यांच्या जाळ्यावरून चालत रक्त न पोचलेल्या भागाकडे गेल्या, तिथे एकमेकींना भेटल्या आणि त्यांनी नवी रोहिणी रचली. व्हीईजीएफसारखा फुटवा नव्हे. भिंतीच्या विटाच उठून दुसरीकडे गेल्या आणि नवी भिंत उभी राहिली.

त्यांना बोलावलं कुणी? ऑक्सिजन कमी पडलेल्या भागातल्या केशवाहिन्यांनी, सीएक्ससीएल१२ नावाचं प्रथिन सोडून. साखरेचा दाणा पडला की मुंग्या जशा वासाने माग काढतात, तसा हा माग. मोठ्या उंदरात हा निरोप सुटत नाही. मग संशोधकांनी मोठ्या उंदराच्या हृदयात ते प्रथिन बाहेरून एकदाच टोचलं. जोड तयार झाले.

पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे

बरोबर. म्हणूनच २०२५चं काम महत्त्वाचं. माणसांत एक जुनाच फरक आहे: हृदयाच्या मागच्या-खालच्या भागाला रक्त बहुतेकांत उजव्या रोहिणीकडून मिळतं, थोड्यांत डावीकडून. तो भाग कुठल्या कालव्याच्या लाभक्षेत्रात, एवढाच प्रश्न. अँजिओग्राफीच्या रिपोर्टमध्ये 'उजवं वर्चस्व' वगैरे लिहिलेलं असतं, ते हेच. संशोधकांनी अमेरिकेतल्या ६१ हजारांहून जास्त माजी सैनिकांचे असे रिपोर्ट आणि त्यांची जनुकं ताडून पाहिली. उजवं-डावं ठरवण्यात सगळ्यात ठळक दिसलेली जागा होती सीएक्ससीएल१२च्या जनुकाजवळची. युरोपीय आणि आफ्रिकी अशा दोन्ही वंशांच्या लोकांत.

म्हणजे उंदरात रोहिणीची वाट ठरवणारं प्रथिन माणसाच्या गर्भातही तेच काम करतं, याला भक्कम आधार मिळाला. एवढंच. माणसाला ते टोचून रोहिणी उगवलेली नाही. बातम्यांचे मथळे हे शेवटचं वाक्य गाळतात.

याने कॅन्सर वाढणार नाही का?

शंका अगदी रास्त आहे. सीएक्ससीएल१२ पेशींना बोलावतं, आणि कॅन्सरच्या पेशीही त्याच हाकेला ओ देऊन शरीरात पसरतात. ते अस्थिमज्जेतल्या मूळ पेशींनाही (स्टेम सेल) जागेवर धरून ठेवतं. म्हणून रक्तात सोडून चालणार नाही. हृदयातल्या नेमक्या जागी, थोडे दिवस, थोड्या मात्रेत द्यावं लागेल. ते देणार कसं, हा आज खरा अडलेला प्रश्न. कोविडच्या लशींमुळे घरोघरी माहीत झालेलं एमआरएनए तंत्र, म्हणजे प्रथिनाऐवजी ते बनवायचा निरोपच टोचायचा, इथे कामी येईल असं दिसतं. फिनलंडमधल्या डॉक्टरांसह एका गटाने बायपास करता करताच व्हीईजीएफचा एमआरएनए हृदयात टोचून पाहिला. रुग्ण फक्त ११. धोका दिसला नाही. फायदा झाला का, हे एवढ्या संख्येवरून सांगताच येत नाही.

नवी रोहिणीही तुंबेलच की

तुंबू शकते. साखर, रक्तदाब, तंबाखू, कोलेस्टेरॉल जिथे होतं तिथेच राहिलं, तर नवा कालवाही गाळाने भरणार. त्यात आणखी एक मेख: जोड ज्या रोहिणीतून पाणी घेतो, तीच उद्या बंद पडली तर दोन्ही लाभक्षेत्रं एकदम कोरडी. मामांच्या डाव्या रोहिणीची डॉक्टरांना जास्त काळजी आहे ती याचसाठी. उजवी तर काय, गेलेलीच आहे.

मग चालून-पळून वाढवता येतात का?

थोड्या. जर्मनीत ६० रुग्णांवर झालेल्या अभ्यासात चार आठवडे कडक, देखरेखीखाली व्यायाम करवून घेतला, तेव्हा कोलॅटरलमधला प्रवाह मोजण्याचा निर्देशांक ३९ टक्क्यांनी वाढला. ओघ वाढला की वाट रुंदावते, हेच तत्त्व. पण तो व्यायाम दवाखान्यात, दिवसाचे तास मोजून केलेला होता. छातीत दाब येत असताना टेकडी चढून 'कोलॅटरल काढतोय' म्हणणाऱ्यांनी कृपा करून आधी डॉक्टरांना विचारावं.

आणि हो, पायांना पट्टे बांधून हवेचा दाब देणारं मशीन. त्याच्या जाहिरातीत 'विनाशस्त्रक्रिया नैसर्गिक बायपास' असे शब्द असतात. गोळ्यांनी न आवरणाऱ्या दुखण्यात काहींना त्याने आराम पडतो, हे खरं. पण 'बायपास' हा शब्द तिथे फार सैल वापरला जातो. दुखणं कमी होणं आणि रोहिणी तयार होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९५९च्या त्या नुसत्या टाक्यांनीही दुखणं थांबवलं होतं. मूळ पेशी टोचून हृदय नवं करून देतो म्हणणाऱ्यांबद्दल तर काय बोलावं. हार्वर्डने २०१८मध्ये हृदयाच्या मूळ पेशींवरचे एकाच प्रयोगशाळेचे ३१ शोधनिबंध मागे घ्यायला सांगितले होते.

अचानक, दरदरून घाम सुटून छाती भरून आली तर यातलं काहीच कामाचं नाही. नवी रोहिणी रचायला दिवस-आठवडे लागतात, स्नायू मरायला तास. तेव्हा जवळचं, स्टेंटची सोय असलेलं रुग्णालय आणि १०८.

मामांचं पुढे काय झालं

त्यांच्या उजव्या रोहिणीला हात लावला नाही. गोळ्या दिल्या, मिश्री सोडायला लावली, आणि सपाटीवर चालायला सांगितलं. महिन्याने फोनवर म्हणाले, "गंमत सांगतो. घरून निघालं की पंपहाउसपर्यंत छाती धरते. उभा राहतो. परत निघालो की मग बांधापर्यंत काही नाही."

ही गंमत डॉक्टरांना ठाऊक असते. पहिल्या फेरीनंतर हृदय सरावतं, आणि त्यात उघडत जाणाऱ्या जोडांचाही वाटा असतो असं मानतात. छातीच्या या दुखण्याला नाव देणाऱ्या विल्यम हेबर्डन या इंग्रज डॉक्टरांनी अठराव्या शतकातच एका रुग्णाबद्दल लिहून ठेवलंय: तो रोज अर्धा तास लाकडं कापायचा, आणि जवळजवळ बरा झाला. मामांना हे सांगितलं, तर पलीकडून थोडा वेळ आवाज नाही.

"लाकडं नको. तुझी मामी रोज सकाळी पाणी धरायला लावती, तेवढं बास आहे."